जुन्या काळातला तपास खेळाडूला का खेचतो, आणि तुमचा खून कुठल्या सालात घडावा

मालवणच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलंय: मी आणि माझा मित्र मिळून तपासाचा एक छोटा व्हिडिओ गेम करतोय. कोकणातलं गाव, एक खून, आठ-दहा संशयित. जुन्या काळातले असे खेळ लोकांना फार आवडतात, म्हणून मला १९१०च्या आसपासचा काळ घ्यावासा वाटतो. मित्र म्हणतो, आजचाच काळ घेऊ, जुनी घरं आणि कपडे काढण्यातच वर्ष जाईल. लोकांना जुन्या काळात नेमकं काय आवडतं? आणि रामदास बोटीच्या दुर्घटनेवर खेळ बेतला तर चालेल का?

मी रत्नागिरीत राहते आणि खेळांसाठी कथा आणि कोडी लिहिणं हेच माझं काम आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते. तुम्ही दोघे काळावरून वाद घालताय, पण मला त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न दिसतो. तुमच्या खेळात तपास करणार कोण? खेळाडू स्वतःच्या डोक्याने करणार, की खेळातली यंत्रं त्याच्यासाठी करून टाकणार? याचं उत्तर पक्कं झालं की साल आपोआप ठरत जातं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गुन्हा ऑनलाइन फसवणुकीचा, फोनवरून आलेल्या धमकीचा किंवा आजच्या जमीन-व्यवहारांचा असेल तर तो आजच्याच काळात शोभेल, उगाच मागे नेऊ नका. चित्रं काढणारा एकच हात असेल तर मित्राची भीती खरी आहे. घरात जुनी पत्रं, दस्त आणि बोलायला तयार असलेली म्हातारी माणसं असतील तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. ती नसतील तर १९१० हा काळ पुस्तकांतून उभा करावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

आता मुख्य मुद्दा. आजच्या काळातला खून घ्या. पोलीस पहिल्या तासात काय करतात? फोन कुठल्या टॉवरपाशी होता ते काढतात, नाक्यावरचा कॅमेरा बघतात, पैशांचे व्यवहार मागवतात. या सगळ्याची उत्तरं तयारच येतात, खेळाडूला ती फक्त वाचायची असतात. मग लेखकाला पळवाटा शोधाव्या लागतात. कॅमेरा नेमका बंद होता, रेंज नव्हती, फोन समुद्रात पडला. अशी पळवाट एकदा चालते. दुसऱ्यांदा खेळाडूला कळतं की लेखक त्याच्यापासून माहिती लपवतोय, आणि तिथेच त्याचा विश्वास उडतो.

जुन्या काळात माहिती लपवावी लागत नाही, ती मुळातच विखुरलेली असते. एक गोष्ट एका माणसाला माहीत असते, दुसरी एका वहीत असते, तिसरी चार दिवसांनी येणाऱ्या पत्रात. ही टंचाई खेळाडू मान्य करतो, कारण ती लेखकाने लादलेली नसते, त्या काळाचीच असते. तुकडे जोडणारं यंत्र कोणाकडेच नसल्यामुळे ते खेळाडूलाच जोडावे लागतात. माझ्या मते या खेळांचं खरं आकर्षण इथे आहे. कंदील, पगड्या, दगडी घरं डोळ्यांना सुखावतात, पण दहा तास कोणी कंदील बघत बसत नाही.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा २०१८चा खेळ खेळला नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो खेळा. लुकस पोप या माणसाने तो जवळजवळ एकट्याने केलाय. १८०२ साली निघालेलं एक व्यापारी जहाज १८०७ मध्ये रिकामं परत येतं. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचे तपासनीस. जहाजावरच्या ६० माणसांचं काय झालं ते शोधायचं. हातात एक घड्याळ असतं, ते मृताच्या शेवटच्या क्षणात नेऊन सोडतं. हे घड्याळ म्हणजे निव्वळ जादू आहे. पण त्या क्षणात दिसणाऱ्या माणसाचं नाव काय, हे जादू सांगत नाही. ते तुम्ही शोधायचं. खलाशांची यादी आहे, तिच्यात नाव, काम आणि देश. मग कोणाच्या झोळीवरचा क्रमांक यादीशी जुळतो, कोण कुठल्या भाषेत ओरडतो, कोणाच्या अंगावर अधिकाऱ्याचा कोट आहे, कोण कोणासोबत जेवतो, यावरून एकेक माणूस ओळखायचा. त्या यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या खेळाडूला ती नावं बघताना वेगळंच वाटतं.

यात काळाने किती काम केलंय बघा. जहाजावर प्रत्येकाला हुद्दा आहे, हुद्द्याप्रमाणे कपडे आहेत, झोपायची जागा ठरलेली आहे. समाजाची ती घडी समजली की माणसं ओळखू येतात. तेच साठ जण आजच्या क्रूझवर टी-शर्ट घालून उभे केले असते तर हे कोडं झालंच नसतं. आणि चित्रं? सगळा खेळ दोन रंगांत आहे, गडद आणि उजळ, बस्स. तुमच्या मित्राला हे जरूर दाखवा. जुना काळ उभा करायला रंगांची रेलचेल लागत नाही, अचूक वस्तू लागतात.

याच्या शेजारी ‘एल. ए. नॉयर’ ठेवा. २०११चा खेळ, काळ १९४७, गाव लॉस एंजेलिस. खऱ्या नटांच्या चेहऱ्यांच्या हालचाली टिपून साक्षीदार तयार केले, आणि खेळाडूने चेहरा वाचून ठरवायचं की माणूस खरं बोलतोय, शंका घ्यायची की खोटं पकडायचं. त्या तंत्राची तेव्हा भरपूर वाहवा झाली. पण ‘शंका’ निवडल्यावर आपला पोलीस नेमकं काय बोलेल याचा भरवसा नसे. २०१७ मध्ये खेळ नव्याने आला तेव्हा त्या पर्यायांची नावंच बदलली. मला त्यातलं आवडतं ते खोल्या धुंडाळणं. टेबलावरचं पत्र, खिशातली काडेपेटी, तिच्यावरचा पत्ता. चेहऱ्यावरचा भाव खेळाडूच्या हातात राहत नाही. काडेपेटी राहते, उलटून बघता येते, चार तासांनी पुन्हा आठवते. साक्षीदारांचे चेहरे हलवण्यावर तुम्ही एक दिवसही घालवू नका. त्यांना कागद द्या.

आता कोकण. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या किनाऱ्याकडे तपासाच्या खेळासाठी एक अशी देणगी आहे जी लंडनवाल्यांकडे नाही. ती म्हणजे तिथी.

जुन्या पत्रात, दस्तात, कुणाच्या साक्षीत तारखेऐवजी तिथी येते. खेळाडूला ती आधी नुसती सजावट वाटेल. पण किनाऱ्यावरच्या माणसाला तिथी म्हटली की दोन गोष्टी लगेच कळतात: त्या रात्री चांदणं किती होतं आणि पाणी कुठे होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. हा हिशोब आपल्याकडे जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास, आणि ती उधाणाची. पुढची प्रतिपदा आली की पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोन भरत्या, मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. ठिकाणाप्रमाणे फरक पडतो, खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते, पण तपासासाठी एवढं पुरतं.

आता एक साक्ष रचू. तारी, म्हणजे होडीवाला, सांगतो: ‘कार्तिकातल्या अवसेच्या दिवशी दिवेलागणीला मी खाडीच्या वरच्या अंगाला धक्क्याला होडी लावली, तेव्हा पलीकडच्या काठावर खोतांचा धाकटा उभा दिसला. तोंड स्पष्ट दिसलं.’ वाचायला साधी साक्ष. पण अमावास्येला भरती सव्वाअकराची, म्हणजे दिवेलागणीला ओहोटी, आणि तीही उधाणाची, पाणी पार आत ओढलेलं. त्या वेळी धक्क्यापाशी चिखल असणार, होडी लागणार कशी? आणि दिवेलागणीच्या पुढे अंधार, चंद्र नाहीच. मग पलीकडच्या काठावरचं तोंड दिसलं कसं? एका तिथीत दोन खोटी पकडली गेली. खेळाने एक अक्षर सांगितलं नाही. खेळाडूने स्वतः पाऊणकी केली.

यात आणखी खोल जाता येतं. तारी खोटं बोलतोय हे कळलं, पण का? कदाचित तो होडीने आलाच नाही, चिखल तुडवत चालत आला आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. कदाचित वेळ खरी आहे पण दिवस चुकलाय, चार दिवसांपूर्वीची गोष्ट तो अवसेवर ढकलतोय. वद्य एकादशीला भरती सव्वाआठची, तेव्हा दिवेलागणीला पाणी चढत असतं आणि होडी लागू शकते. मग खेळाडू दुसरी वही उघडतो, त्या एकादशीला कोण कुठे होतं ते बघतो. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, शुद्ध अष्टमीला तेव्हा मावळतो. रात्री दहाला चांदण्यात कोणाला पाहिलं म्हणणाऱ्याला आधी पक्ष विचारायचा. ही सगळी कोडी तुम्हाला आकाशाने आणि समुद्राने फुकट दिलीत. पाऊणकी कशी करतात ते खेळात एखाद्या म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडून एकदाच सांगा, आणि नंतर कधीही आठवण करून देऊ नका. ज्याला ती लक्षात राहील त्याला जो आनंद होईल, तोच तुमच्या खेळाचं नाव चार ठिकाणी घेऊन जाईल.

दुसरी देणगी पावसाळा. बंद हवेलीतला खून, जिथून कोणी बाहेर जाऊ शकत नाही, ही तपासकथांची जुनी युक्ती. बहुतेक वेळा त्यासाठी वादळ किंवा बर्फ ओढून आणावं लागतं. आपल्याकडे ते पंचांगात छापलेलं असतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या आगबोटी पावसाळ्यात बंद व्हायच्या, होड्या शाकारून वर ओढलेल्या असायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. नद्यांना पूर आला की घाटाची वाटही अडते. मृगापासून पुढचे दोन महिने गाव जवळजवळ आपल्यापुरतं असतं. मेलेल्या माणसाचा भाऊ मुंबईला असेल तर त्याला तार जाईल, पण तो येणार कसा? आणि पहिल्या बोटीने जो उतरेल तो गावाला आठवतो तसाच परत आलाय का? इथे मी थांबते, कथा तुमची आहे.

तिसरी गोष्ट मोडी. हिच्याबद्दल मी थोडं जपून सांगते, कारण इथे हौशी माणूस वाहवत जातो. मोडी खेळासाठी सुंदर आहे. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, हात न उचलता धावतं लिहिलेली, शब्दांमध्ये जागा न सोडलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी. शब्द कुठे तोडायचा यावरून एकाच ओळीचे दोन अर्थ निघू शकतात, आणि वारसाहक्काच्या दस्तात तेवढ्यावर एक वाडी इकडची तिकडे जाऊ शकते. पण खेळाडूला पूर्ण लिपी शिकवायला बसू नका. पाच-सहा अक्षरं पुरे: खुनाशी संबंधित दोन नावं वाचता येतील एवढी. बाकीचा मजकूर एखादा कारकून वाचून दाखवेल, आणि तो कारकून प्रामाणिक आहे का, हा तुमचा पुढचा प्रश्न. तसंच सनावळीचं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, त्याला ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. १९१०च्या खेळात शुहूर सनाचा दस्त निघाला तर तो नव्वदेक वर्षांपूर्वीचा तरी आहे, किंवा कोणीतरी तो कालच बनवलाय.

इथवरचं थोडक्यात: काळ असा निवडा की माहिती नैसर्गिकरीत्या विखुरलेली असेल, समाजाची घडी ओळखीचं साधन बनेल, आणि निसर्गाचे नियम खेळाडूला साक्ष तपासायला उपयोगी पडतील. आता पुरावा आणि कायदा, कारण १९१० घ्यायचं असेल तर यात चूक नको.

बोटांच्या ठशांपासून सुरू करा. ठशांचं कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये सुरू झालं. ठशांची वर्गवारी बसवण्याचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदुस्थानी अधिकाऱ्यांनी केलं, नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं, लागलं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात हे १९०१ मध्ये पोचलं. म्हणजे १९१०च्या फौजदाराला ठसे माहीत असतील, पण खाडीकाठच्या खेड्यात पितळी तांब्यावरचा ठसा उचलून लगेच जुळवणारा कोणी नसेल. कागदावर उठवलेला अंगठा मात्र तेव्हा सगळीकडे होता, तो वापरा. विषाचा संशय असेल तर मुंबईच्या रासायनिक पृथक्करण करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे नमुना पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. गावात पहिला अधिकार पोलीस पाटलाचा, १८६७च्या कायद्याने दिलेला. तोही गावातलाच, कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी देणेकरी.

आणि एक कलम तर खेळ बनवणाऱ्यांसाठीच लिहिलंय असं मला वाटतं. १८७२च्या, २०२४पर्यंत लागू असलेल्या पुराव्याच्या कायद्यातलं पंचविसावं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. बहुतेक तपासाचे खेळ शेवटी आरोपीला कोपऱ्यात गाठतात, तो रडत कबूल करतो आणि पडदा पडतो. तुमच्या खेळात त्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. पण त्याच कायद्याचं सत्ताविसावं कलम म्हणतं, कोठडीतल्या आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्याशी निगडित तेवढं बोलणं चालतं. म्हणजे कबुली मिळाल्यावरही खेळ संपत नाही. आता कोयता शोधा. कुठल्या पोफळीच्या बागेत, कुठल्या पाटाच्या कडेला? हा शेवट मी अजून कुठल्याच खेळात पाहिलेला नाही, आणि कोणी तो करावा असं मला मनापासून वाटतं.

तपास करणारं पात्र फौजदार नको, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. १९१०चा फौजदार गावात आला की दारं बंद होतात. घरात शिरला तरी माजघराच्या पुढे जात नाही, आणि ज्या वाड्यांवर जायचं त्याला कमीपणाचं वाटतं तिथली साक्ष तो दुसऱ्याकरवी मागवतो. मग सगळ्या घरांत कोण जात होतं? कासारीण. सगळ्या जातींच्या बायकांचे हात ती हातात घेते, बांगड्या उतरवते, भरते. मनगटावरचं वळ तिला दिसतं, कोणाचं मनगट दोन महिन्यांत बारीक झालं ते तिला कळतं, कोणी काय बोललं ते तिच्या कानावर असतं. सुईणीचंही तसंच. टपालवाला प्रत्येकाचा पत्ता ओळखतो आणि जिथे घरात वाचणारं कोणी नाही तिथे पत्रही वाचून दाखवतो. यातलं कोणीही तपासाला लावा, खेळाडूला त्या काळाचा समाज आतून दिसेल. आणि तो समाज गोड करून दाखवू नका. खोताची साक्ष आणि कुळाची साक्ष यांचं वजन तेव्हा सारखं नव्हतं. विधवेने काय पाहिलं हे विचारायला कोणी जात नव्हतं. खेळाडूला सत्य माहीत आहे, पण ते सांगणाऱ्या माणसाचं कोणी ऐकणार नाही. त्याला हे पचवायला लावा.

या बाबतीत ‘पेंटिमेंट’ बघा. २०२२चा खेळ, सोळाव्या शतकातलं बव्हेरियातलं एक काल्पनिक गाव, नायक चित्रकार. वेळ मोजका, सगळे पुरावे एका खेपेत मिळूच शकत नाहीत, आणि ज्याच्याकडे तुम्ही बोट दाखवाल त्याला शिक्षा होते. खरा खुनी कोण होता, हे खेळ ठामपणे सांगत नाही. कथा पंचवीस वर्षं पुढे जाते आणि तुमच्या निर्णयाचे परिणाम त्या गावाच्या पुढच्या पिढीत दिसतात. ज्याच्यावर आरोप केला त्याच्या घरच्यांसोबत बसून जेवावं लागतं. जुन्या काळाची ही दुसरी ताकद: काय झालं हे काही वेळा कायमचं कळत नाही, आणि तरी निवाडा करावा लागतो. हे सगळ्यांना झेपत नाही. पहिलाच खेळ असेल तर मी खुनी निश्चित ठेवेन.

कोकण म्हटलं की भूत आणायचा मोह होतो. देवचार, मुंजा, हडळ. तपासाच्या खेळात भुताने खून केला तर खेळाडूचं सगळं डोकं वाया जातं. पण भुताची भीती ही उत्तम साक्ष आहे. ‘त्या पाणंदीत रात्री जाऊ नये’ असं गावात पहिल्यांदा कोणी सांगितलं, कधीपासून, आणि कोणाच्या सोयीचं होतं? देवळात कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं हेही आदराने आणा. सगळ्या गावासमोर प्रश्न विचारायचा आणि देवाच्या अंगावरची कुठली पाकळी पडते ते बघायचं, ही गावाची स्वतःची न्यायाची रीत होती. तिचा निकाल एक लागतो, तुमच्या कासारणीला मिळालेला पुरावा दुसरंच सांगतो, आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसं उभी आहेत. असा प्रसंग हेटाळणीच्या सुरात लिहिलात तर गेला.

रामदास बोटीबद्दल. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट काशाच्या खडकापाशी बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांची मुलं-नातवंडं आज आपल्यात आहेत. त्यातल्या एखाद्या प्रवाशाला काल्पनिक खुनी किंवा चोर करणं मला योग्य वाटत नाही, आणि ती दुर्घटना नुसती पार्श्वभूमी म्हणून वापरणंही नाही. तुम्हाला बोट हवी असेल तर काल्पनिक बोट घ्या, नाव तुम्ही द्या. उतारूंची यादी, डेकवरची आणि वरच्या वर्गाची तिकिटं, बोट बंदरात येत नाही म्हणून पडावातून उतरणं, हे सगळं खरं ठेवा. मेलेली माणसं खरी ठेवू नका.

आता माझा खरा सल्ला, जो तुमच्या दोघांच्या वादाच्या मधला आहे. १९१० सोडा, आजचा काळही सोडा. १९८२ घ्या. जानेवारी १९८२मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कोकणातल्या कितीतरी घरांत येणारी मनिऑर्डर थांबली. चाकरमानी गावी परतले, काही तिथेच राहिले, जमिनीवरचे जुने दावे पुन्हा उकरले गेले. खोती कायद्याने गेली तरी तिचे वाद घराघरांत होते. फोन गावात एखादाच, तोही ट्रंक कॉल लावून बसावं लागणारा. तार होती, ती २०१३पर्यंत टिकली. आंतर्देशीय पत्रांवर टपालाचे शिक्के उठत, पाठवल्याच्या आणि पोचल्याच्या दोन्ही ठिकाणांचे. पत्र कधी लिहिलं आणि कधी टाकलं, यातला फरक तिथे सापडतो. मुक्कामाची एसटी रात्री येते आणि पहाटे निघते. त्या रात्री गावात कोण नवीन उतरलं हे कंडक्टरला माहीत असतं. कोकण रेल्वे अजून यायची आहे. पाऊणकी तेव्हाही चालते.

माहिती इथेही विखुरलेलीच आहे, पण चित्रांचं ओझं कमी. घरं तुम्ही पाहिलेली आहेत, वस्तू माळ्यावर पडून आहेत, आणि मुख्य म्हणजे तेव्हा तरुण असलेली माणसं आज तुमच्या आजी-आजोबांच्या वयाची आहेत. त्यांना विचारता येतं. जवळच्या भूतकाळातला तपास चालतो, हे इतरांनी दाखवून दिलंय. ‘हर स्टोरी’ १९९४च्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींवर उभा आहे, ‘द रूटट्रीज आर डेड’ १९९८मधल्या डायल-अप इंटरनेटवर. खिशातला फोन काढून घेतला की एवढ्या जवळचा काळही तपासाला पुरतो.

खेळाडूने अंदाजाने बटणं दाबत सुटू नये यासाठीही काही करावं लागेल. ओब्रा डिनमध्ये तीन माणसांची उत्तरं एकदम बरोबर आली तरच खेळ त्यांना पक्कं करतो. ‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’ हा अठराव्या शतकातला खेळ वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरायला लावतो. मला दुसरी पद्धत मराठीसाठी सोपी वाटते: जबाबाचा कागद, त्यात नाव, जागा, तिथी आणि वस्तू खेळाडूने भरायची. फक्त विभक्तीकडे लक्ष द्या. ‘ने’ आणि ‘ला’ आधीच छापलेले असले तर कुठल्या जागी माणूस येणार हे फुटतं.

संगणकाला हात लावण्याआधी सगळा खेळ कागदावर करा. आठ माणसं, दहा कागद, एक खाडी, तीन दिवस. आंतर्देशीय पत्रं हाताने लिहा, शिक्के खोडरबराचे कापा. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना खेळायला बसवा आणि तुम्ही गप्प राहा. कोणत्या कागदाकडे ते पुन्हा वळतात ते टिपून ठेवा, ज्याकडे कोणी वळत नाही तो काढून टाका. एखादे आजोबा मध्येच म्हणतील, ‘असां नाय, त्या दिवशी पाणी नसणार.’ त्यांचं म्हणणं लगेच लिहून घ्या. असं काही तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

कागदावरचा खेळ झाला की त्यातली एक साक्ष इथे टाका. तिथी आणि पक्ष लिहा, आणि धक्का खाडीच्या तोंडाशी आहे की आत, तेही. भरतीचा हिशोब मी तपासून देते.